तार जिथे वाइंडिंग सोडते : प्लेनर ट्रान्सफॉर्मरच्या जोडण्या करताना

प्लेनर ट्रान्सफॉर्मरमध्ये गुंडाळलेल्या तारेऐवजी सर्किट बोर्डावरचे (पीसीबी) तांब्याचे सपाट वेढे असतात, त्या वेढ्यांचा संच म्हणजे वाइंडिंग. अशा ट्रान्सफॉर्मरबद्दल वाचायला भरपूर मिळतं. थर कसे रचावेत, कोअर कोणता घ्यावा, तांबं किती जाड हवं, यावर पानंच्या पानं आहेत. पण वाइंडिंगचं टोक कोअरबाहेर आलं की ते कशाने जोडायचं, तार की पट्टी, कुठलं सोल्डर, आधी कुठला जॉइंट आणि मग कुठला, हे बहुतेक ठिकाणी दोन ओळींत उरकलेलं असतं. माझा पहिला प्लेनर ट्रान्सफॉर्मर आता कन्व्हर्टरमध्ये व्यवस्थित चालतो आहे. या कामात सर्वांत जास्त वेळ आणि सर्वांत जास्त धाकधूक त्या टोकांपायीच गेली. हेच काम समोर असलेल्यांना थोडा आधार व्हावा म्हणून सगळं घडलं त्या क्रमाने लिहिते आहे.

काम होतं ४०० व्होल्ट डीसीवरून १२ व्होल्ट, २५ अँपिअर देणाऱ्या एलएलसी कन्व्हर्टरचं, म्हणजे इंडक्टर-कपॅसिटरच्या अनुनादावर (रेझोनन्स) चालणाऱ्या कन्व्हर्टरचं. हाफ-ब्रिज, म्हणजे दोन स्विच आळीपाळीने चालणारी मांडणी, वारंवारता २५० किलोहर्ट्झच्या आसपास. हाफ-ब्रिजमुळे प्रायमरीवर, म्हणजे वीज आत घेणाऱ्या वाइंडिंगवर, निम्मे म्हणजे २०० व्होल्ट येतात, म्हणून प्रायमरीला १६ वेढे आणि सेकंडरीला, म्हणजे वीज बाहेर देणाऱ्या वाइंडिंगला, मध्य-टॅपच्या (मधोमध काढलेल्या टोकाच्या) दोन्ही बाजूंना एकेक वेढा.

जानेवारीत कागदावर गणितं मांडायला सुरुवात केली. उच्च वारंवारतेचा प्रवाह तांब्याच्या पृष्ठभागाजवळच वाहतो, त्या थराची खोली म्हणजे स्किन डेप्थ. २५० किलोहर्ट्झला ती खोलीच्या तापमानाला ०.१३ मि.मी. आणि १०० अंश सेल्सिअसला ०.१५ मि.मी.च्या जवळ येते. १०५ मायक्रॉनचा तांब्याचा थर, म्हणजे पीसीबीवाल्यांच्या भाषेत तीन औंस, त्यात आरामात बसतो. एकच बहुथरी बोर्ड करण्याऐवजी दोन थरांचे सुटे बोर्ड एकावर एक रचायचं ठरवलं. जाड तांब्याचे दहा थर एकाच बोर्डात मागितले की किंमत भलतीच वाढते, दोन थरांचे पाच बोर्ड त्या मानाने पुष्कळ स्वस्त पडतात. रचना अशी: सेकंडरी, प्रायमरी, सेकंडरी, प्रायमरी, सेकंडरी. प्रायमरीच्या प्रत्येक बोर्डावर आठ वेढे आणि दोन बोर्ड सीरिजमध्ये. सेकंडरीचे तीन बोर्ड समांतर, प्रत्येकाच्या एका बाजूला मध्य-टॅपचा एक अर्धा भाग आणि दुसऱ्या बाजूला दुसरा.

सुट्या बोर्डांनी पैसे वाचले, पण जोडण्या वाढल्या. बोर्ड एकमेकांना जोडायचे आणि मग सगळा गठ्ठा बाहेरच्या सर्किटला जोडायचा. त्यामुळे थरांची रचना ठरल्यावर लगेच पीसीबीचं ड्रॉइंग करायला न बसता मी आधी टोकांचं गणित केलं. तुम्हीही हाच क्रम ठेवा. टोक कुठून निघणार आणि कसं निघणार हे ठरल्याशिवाय बोर्डाचा आकार ठरत नाही.

सुट्या तारेचा इंडक्टन्स ढोबळमानाने सेंटीमीटरला १० नॅनोहेन्री धरतात. प्रायमरीच्या बाजूला तीन सेंटीमीटर तार म्हणजे ३० नॅनोहेन्री. एलएलसीत प्रायमरीच्या सीरिजमध्ये मुळातच काही दशक मायक्रोहेन्रींचा रेझोनंट इंडक्टर असतो, त्याच्यापुढे हे नगण्य. पण तीच तीन सेंटीमीटर तार सेकंडरीला लावली की चित्र पार बदलतं. सेकंडरीकडचा इंडक्टन्स प्रायमरीकडून पाहताना वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने वाढतो. १६ चा वर्ग २५६. म्हणजे ३० नॅनोहेन्रीचे झाले जवळजवळ ७.७ मायक्रोहेन्री. थर एकमेकांत गुंफून लीकेज इंडक्टन्स (दोन वाइंडिंगना न जोडणाऱ्या चुंबकीय क्षेत्रामुळे येणारा) कमी करण्यासाठी केलेली सगळी धडपड ही एवढीशी तार फुकट घालवते.

रोधाचीही तीच गोष्ट. प्रायमरीत सुमारे २ अँपिअर आरएमएस (उष्णतेच्या हिशेबात धरायचा परिणामी) प्रवाह. सेकंडरीच्या प्रत्येक अर्ध्या भागात २५ गुणिले पाय भागिले ४, म्हणजे १९.६ अँपिअर आरएमएस. प्रायमरीसाठी ०.६ मि.मी. व्यासाची साधी, एकसंध तार तीन सेंटीमीटर घेतली तर डीसी रोध १.८ मिलिओहम भरतो. २५० किलोहर्ट्झला स्किन इफेक्टमुळे तो दीडपटीपर्यंत गेला तरी तिथे फुकट जाणारी शक्ती दहा-बारा मिलिवॉटच राहते. सेकंडरीत मात्र एकेका मिलिओहमला ३८४ मिलिवॉट मोजावे लागतात, आणि तेही एका अर्ध्या भागात.

हे आकडे शेजारी-शेजारी लिहिल्यावर माझी बरीचशी भीती गेली. सगळ्याच टोकांची सारखी काळजी करायची गरज नव्हती. प्रायमरीला जवळपास कुठलीही नीट सोल्डर केलेली तार चालणार होती, तिथे जपायचं होतं ते इन्सुलेशन. लक्ष, वेळ आणि कौशल्य ओतायचं होतं ते सेकंडरीवर.

सेकंडरीसाठी गोल तार, मग ती लिट्झ (इनॅमल चढवलेल्या अनेक बारीक धाग्यांची पिळलेली तार) असली तरी, मी तिथेच बाद केली. लिट्झ रोध कमी करते, पण तारेच्या वळशाचा इंडक्टन्स तिने कमी होत नाही. त्यासाठी जाणारा आणि परतणारा प्रवाह रुंद, सपाट आणि समोरासमोर हवा. १२ मि.मी. रुंदीच्या दोन तांब्याच्या पट्ट्या मध्ये अर्धा मि.मी. इन्सुलेशन ठेवून १५ मि.मी. लांब नेल्या, तर त्या जोडीचा इंडक्टन्स ०.८ नॅनोहेन्रीच्या आसपास येतो. प्रायमरीकडून पाहिला तर ०.२ मायक्रोहेन्री. तेवढ्याच लांबीच्या दोन सुट्या तारा ३० नॅनोहेन्री घेऊन बसतात.

पट्टीच्या जाडीवर मी बराच विचार केला. वेढ्याच्या टोकांच्या पट्ट्यांमध्ये प्रवाह मुख्यतः समोरासमोरच्या पृष्ठभागांवरच, स्किन डेप्थएवढ्या खोलीत वाहतो. म्हणून ०.३ मि.मी. पट्टी पुरेशी आहे. त्याहून जाड तांबं उच्च वारंवारतेच्या प्रवाहाला वापरताच येत नाही आणि सोल्डर करायला मात्र जड जातं. मध्य-टॅपची गोष्ट वेगळी. तिथून दोन्ही अर्ध्या भागांचे प्रवाह एकत्र येऊन जातात, त्यामुळे त्यात २५ अँपिअरचा मोठा डीसी भाग असतो, आणि डीसी पूर्ण जाडी वापरतो. म्हणून ती पट्टी ०.५ मि.मी.ची घेतली. हा फरक मला कुठे सरळ लिहिलेला सापडला नव्हता, म्हणून मुद्दाम नोंदवते.

अजून एक बाब तीन समांतर बोर्डांची. डीसीत प्रवाह रोधाप्रमाणे वाटला जातो. २५० किलोहर्ट्झला तो चुंबकीय क्षेत्रातली ऊर्जा कमीत कमी राहील असा वाटला जातो. माझ्या रचनेत, बोर्डांमधली अंतरं सारखी असतील तर, मधला सेकंडरी बोर्ड निम्मा प्रवाह घेतो आणि वरचा-खालचा एकेक चतुर्थांश. हे तेव्हाच खरं, जेव्हा तीनही बोर्डांची टोकं वाइंडिंगच्या अगदी जवळ एकत्र येतात. एखाद्या बोर्डाचं टोक लांबून फिरवून आणलं की त्याचा वाटा घटतो आणि बाकीचे जास्त तापतात. म्हणून तीनही बोर्डांना कोअरच्या बाहेर लगेचच प्लेटिंग केलेले (आतून तांबं चढवलेले) आयताकृती स्लॉट दिले आणि एकच पट्टी उभी, तिन्हीतून आरपार जाईल अशी आखली.

फेब्रुवारीत फाइल्स बोर्ड बनवणाऱ्यांकडे पाठवल्या आणि प्रश्नावली परत आली. पहिल्यांदा अशी प्रश्नावली आली की आपलं काहीतरी फार बिनसलं असं वाटतं, पण जाड तांबं आणि स्लॉट म्हटल्यावर प्रश्न येणारच. तांब्याची १०५ मायक्रॉन जाडी म्हणजे तयार बोर्डावरची, की मूळ पत्र्याची, ज्यावर प्लेटिंग अजून चढेल? स्लॉटचं माप प्लेटिंगनंतरचं की आधीचं? वेढ्यांमधलं ०.२ मि.मी. अंतर वाढवून ०.२५ मि.मी. करू का, कारण जाड तांबं खोदताना कडा आतल्या बाजूला खाल्ल्या जातात? प्रत्येक उत्तर लेखी हवं, ड्रॉइंगची सुधारित प्रत हवी, तिच्यावर नवा आवृत्ती क्रमांक हवा. या प्रश्नोत्तरांत एक फेरी वाचवायची असेल तर 'तयार तांबं', 'प्लेटिंगनंतरचं माप', 'लॅमिनेटचा टीजी' हे तीन शब्द ड्रॉइंगवरच ठळक लिहा. लॅमिनेट म्हणजे तांब्याखालचं बोर्डाचं मूळ साहित्य, आणि टीजी म्हणजे ते मऊ पडू लागतं ते तापमान. लॅमिनेट मी १७० अंश टीजीचं मागितलं. साधं एफआर-४ (नेहमीचं काच-इपॉक्सी लॅमिनेट) १३० ते १४० अंशांना मऊ पडू लागतं आणि जाड तांब्यावर सोल्डरिंग करताना बोर्डाला बराच वेळ उष्णता सोसावी लागते. किंमत थोडी वाढली, पण ती मी आनंदाने दिली.

प्लेटिंग केलेल्या स्लॉटचे पैसे वेगळे लागले. स्लॉटऐवजी व्हायांची (बोर्डाचे थर जोडणाऱ्या, आतून तांबं चढवलेल्या बारीक छिद्रांची) रांग दिली असती तर ते वाचले असते. पण ०.३ मि.मी.च्या, २५ मायक्रॉन प्लेटिंगच्या एका व्हायाचा रोध १.६ मि.मी. बोर्डात जवळपास एक मिलिओहम असतो. दहा-वीस व्हाया दिल्या तरी उच्च वारंवारतेचा प्रवाह त्यांत सारखा वाटला जात नाही, प्रवाहाच्या वाटेवरच्या पुढच्या व्हायाच जास्त भार घेतात. पृष्ठभागावर थेट बसणारी पट्टी आणि स्लॉट हेच बरं.

बोर्ड यायला कित्येक आठवडे लागणार होते आणि फेराइट कोअर त्याहून उशिरा. ही वाट पाहण्याची वेळ सरावासाठी वापरली.

प्रायमरीसाठी साधी तार चालते हे गणिताने सांगितलं असलं तरी मला दोन प्रायमरी बोर्डांमधली जोडणी लवचीक हवी होती. शिवाय पुढच्या एका कामात लिट्झ लागणारच होती. म्हणून ०.०८ मि.मी.च्या ६० धाग्यांची लिट्झ घेतली. घेताना इनॅमलची जात नीट पाहा, नाहीतर पुढचं सगळं अडतं. पॉलियुरेथेनचं इनॅमल ३९० अंशांच्या आसपास वितळलेल्या सोल्डरमध्येच निघून जातं. सोल्डर होणाऱ्या पॉलिएस्टरइमाइडला ४७० अंशांच्या आसपास जावं लागतं. पॉलिअमाइड-इमाइड सोल्डरने निघतच नाही, ते खरवडून किंवा रसायनाने काढावं लागतं, आणि केसाएवढ्या साठ धाग्यांवरून एकेक करून खरवडणं व्यवहारात अशक्यच. मी पॉलियुरेथेनची घेतली.

मग सोल्डर पॉट वापरण्याची परवानगी. प्रयोगशाळेत यासाठी अर्ज होता: कोणती रसायनं, कोणतं तापमान, धूर कुठे जाणार, आग विझवायची काय सोय. पॉलियुरेथेन जळताना आयसोसायनेट वायू निघतात आणि ते श्वसनमार्गाला घातक असतात, त्यामुळे हा अर्ज नुसता सोपस्कार नव्हता. तिथले ज्येष्ठ तंत्रज्ञ म्हणाले, "आधी धूर ओढणारा पंखा लावून दाखवा, मग पॉटचं बटण." पंख्याचं तोंड पॉटपासून हातभर अंतरावर होतं, ते अगदी कडेला आणेपर्यंत त्यांनी सही दिली नाही. त्यांचं बरोबर होतं. घरी पॉट वापरणाऱ्यांनीही खिडकी उघडी आहे एवढ्यावर समाधान मानू नये.

पॉटमध्ये ९९.३ टक्के कथील आणि ०.७ टक्के तांबं असलेलं सोल्डर ठेवलं, ४०० अंशांवर. कारण असं की गरम कथील तांबं विरघळवतं. जाड तारेला त्याचं काही वाटत नाही, पण ०.०८ मि.मी.चा धागा सोल्डरमध्ये फार वेळ राहिला तर बारीक होत जातो. सोल्डरमध्ये आधीच थोडं तांबं असलं की ही झीज मंदावते. किती वेळ चालतो हे पाहण्यासाठी मी मुद्दाम काही तुकडे वेगवेगळ्या वेळांसाठी बुडवले आणि भिंगाखाली कापून पाहिले. दोन-तीन सेकंदांत इनॅमल स्वच्छ निघतं आणि सोल्डर आतपर्यंत शिरतं. बराच वेळ ठेवलेल्या तुकड्यांत कडेचे धागे ओळखूसुद्धा येत नव्हते.

बुडवताना तार आधी फ्लक्समध्ये, मग टोक तिरकं धरून सावकाश पॉटमध्ये, म्हणजे आतला वायू वरून निसटतो आणि सोल्डर उडत नाही. जिथपर्यंत सोल्डर चढायला हवं त्याच्या जरा वर जाड चिमट्याने पकड. चिमटा उष्णता ओढून घेतो आणि सोल्डर केशाकर्षणाने पुढे चढत नाही. चढलं तर तार तिथे काडीसारखी कडक होते आणि नेमकी त्या सीमेवर वाकून धागे तुटतात.

सगळे धागे जोडले गेले का, हे डोळ्यांना कळत नाही. चार-तारी पद्धतीने (प्रवाहाच्या दोन तारा वेगळ्या आणि व्होल्टेज मोजायच्या दोन वेगळ्या) रोध मोजून तो गणिताशी ताडावा लागतो. साठपैकी एक धागा सुटला तर रोध १.७ टक्क्यांनी वाढतो. तांब्याचा रोध अंशामागे ०.३९ टक्के बदलतो, म्हणजे तार चार-पाच अंशांनी गरम असली तरी तेवढाच फरक दिसतो. म्हणून बुडवलेली तार पूर्ण निवेपर्यंत थांबा, हाताने धरू नका, आणि शेजारी न कापलेला त्याच लांबीचा नमुना ठेवून तुलना करा. माझ्या हिशेबी लिट्झच्या जॉइंटची हीच एक खात्रीची परीक्षा आहे.

पट्ट्यांचा सराव जुन्या जाड तांब्याच्या बोर्डावर केला. इथली अडचण बरोबर उलटी. तार पटकन तापते, तर १०५ मायक्रॉनचं सलग तांबं टिपची उष्णता पसरवून टाकतं. टिपचं तापमान ४३० अंशांपर्यंत चढवून हे सुटत नाही. तिथे फ्लक्स जळतं, पॅडखालचा गोंद सुटतो आणि जॉइंटच्या दूरच्या टोकाला सोल्डर तरीही गोठलेलंच राहतं. उपाय म्हणजे सगळा बोर्ड खालून १२५ अंशांच्या आसपास तापवून घेणं आणि मग ३६० अंशांवरची रुंद, पाच मि.मी. छिन्नी-टिप वापरणं. हे जमल्यावर सोल्डर स्लॉटमधून खालपर्यंत एका श्वासात उतरू लागलं. ते पाहताना मला झालेला आनंद लपवत नाही, कारण त्याआधी अनेक संध्याकाळी मी त्या गोठलेल्या कडांकडे बघत बसले होते.

पट्टी पॅडवर आडवी टेकवून जोडायची की तिची कड पॅडला भिडवायची, यावरही मी हिशेब केला. सोल्डरची विद्युतवाहकता तांब्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढीच असते. १२ मि.मी. रुंद पट्टी ५ मि.मी. आडवी टेकवली आणि मध्ये ०.१ मि.मी. सोल्डर असलं, तर त्या सोल्डरचा रोध सुमारे ०.२ मायक्रोओहम. कड भिडवून प्रवाहाला एक मि.मी. सोल्डरमधून जावं लागलं तर ३६ मायक्रोओहम. दोन्ही आकडे लहानच आहेत, पण अशी सहा-सात ठिकाणं सीरिजमध्ये येतात आणि कड भिडवलेला जॉइंट तापमानाच्या चढउतारात आधी तडकतो. म्हणून उभ्या पट्टीला प्रत्येक बोर्डापाशी वाकवून एक छोटी जीभ काढली आणि ती पॅडवर टेकवली. जाड सोल्डरचा फुगा जॉइंटला मजबुती देतो असं अनेकांना वाटतं. खरं तर तांब्याला तांबं जितकं जवळ तितका जॉइंट चांगला.

एप्रिलच्या सुरुवातीला बोर्ड आले. लगेच सोल्डर न करता आधी १०५ अंशांवर काही तास ओव्हनमध्ये ठेवले. एफआर-४ हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि एकदम तापवलं की आतल्या आत वाफ होऊन थर सुटू शकतात.

जोडणीचा क्रम हा या सगळ्या कामाचा गाभा. गठ्ठा एकदा रचला की आतल्या पॅडपर्यंत टिप पोचत नाही. म्हणून आतून बाहेर यायचं. मधला सेकंडरी बोर्ड आणि त्यातून आरपार गेलेल्या पट्ट्या आधी सोल्डर केल्या. मग दोन्ही बाजूंनी इन्सुलेशन, प्रायमरी बोर्ड, त्यांना जोडणारी लिट्झ, पुन्हा इन्सुलेशन, आणि शेवटी बाहेरचे दोन सेकंडरी बोर्ड. बाहेरचे जॉइंट करताना आतले पुन्हा वितळू नयेत म्हणून आत सॅक-३०५ (कथील, चांदी, तांब्याचं बिनशिशाचं सोल्डर) वापरलं, जे २१७ ते २२० अंशांना वितळतं, आणि बाहेर ६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं, जे १८३ अंशांना वितळतं. हा प्रयोगाचा नमुना होता म्हणून शिसं चाललं. विकायच्या वस्तूत शिशावर निर्बंध असतील तर हा मार्ग बंद. तिथे १३८ अंशांना वितळणारं कथील-बिस्मथ सोल्डर काही जण सुचवतात. ते घेतलं तर जवळपास कुठेही शिशाचं सोल्डर नको. कथील, शिसं आणि बिस्मथ एकत्र आले की ९६ अंशांनाच वितळणारं मिश्रण तयार होतं, आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये तेवढं तापमान रोजचं असतं.

प्रायमरी आणि सेकंडरीमध्ये सगळीकडे किमान ०.४ मि.मी. घन इन्सुलेशन ठेवलं, आणि पृष्ठभागावरून मोजलं तर ८ मि.मी. अंतर. प्रायमरीची टोकं एका बाजूने, सेकंडरीची समोरच्या बाजूने. इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते: मँगॅनीज-झिंक फेराइट वीज थोडीफार वाहतं. प्रायमरीपासून कोअर २ मि.मी. आणि कोअरपासून सेकंडरी २ मि.मी. असेल तर कागदावरचे ८ मि.मी. प्रत्यक्षात ४च उरतात. कोअर कुठल्या तरी एका बाजूचा धरून हिशेब करावा लागतो.

फ्लक्स रोझिनचं वापरलं. पाण्याने धुवायचं फ्लक्स सोल्डरिंगला जोरदार असतं, पण त्याचा उरलेला अंश गठ्ठ्याच्या फटींत अडकला तर धुऊन निघत नाही आणि तांबं खात राहतो. प्रत्येक टप्प्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, पुढचा बोर्ड चढवण्याआधी. लिट्झच्या जागी अल्कोहोल धाग्यांत शिरतं, ते पूर्ण वाळू द्या.

कोअर अगदी शेवटी, सगळं सोल्डरिंग संपल्यावर. फेराइट ठिसूळ असतं, एका बाजूने झपाट्याने तापलं की चिरतं, आणि चीर वेढ्यांच्या आत असली तर दिसतही नाही.

लीकेज मोजायला इम्पिडन्स अ‍ॅनालायझर हवा होता आणि त्याची नोंदवही मेच्या मध्यापर्यंत भरलेली होती. ही नोंदणी मी बोर्ड येण्याआधीच करून ठेवली असल्याने फार थांबावं लागलं नाही. सामान येण्याच्या तारखेच्या अंदाजाने यंत्राची वेळ आधीच मागून ठेवणं फायद्याचं.

मोजमाप म्हणजे सेकंडरी शॉर्ट करायची आणि प्रायमरीकडून इंडक्टन्स आणि रोध पाहायचा. शॉर्ट कशाने करता यावर सगळं अवलंबून. मगर-क्लिपच्या तारेने केला तर तिचाच इंडक्टन्स २५६ने गुणून समोर येतो आणि आपण ट्रान्सफॉर्मर नव्हे तर क्लिप मोजतो. शॉर्टचा रोध ०.१ मिलिओहम असला तरी प्रायमरीकडे तो २६ मिलिओहम दिसतो. मी पट्ट्यांच्या टोकांना, मॉसफेट (एसीचं डीसी करणारे ट्रान्झिस्टर स्विच) जिथे येणार तिथेच, रुंद तांब्याचा तुकडा सोल्डर केला. त्याआधी अ‍ॅनालायझरचं ओपन आणि शॉर्ट कॉम्पेन्सेशन (जोडणीचा स्वतःचा परिणाम वजा करणं) त्याच फिक्स्चरवर, त्याच वारंवारतेला. शॉर्टचा तुकडा पट्टीवर आणखी मागे, वाइंडिंगच्या तोंडाशी सरकवून पुन्हा मोजलं. दोन वाचनांतला फरक म्हणजेच पट्ट्यांचा स्वतःचा वाटा, आणि तो गणिताच्या जवळ आला. हे दुहेरी वाचन जरूर घ्या. त्यातून वाइंडिंगचं किती आणि टोकांचं किती हे स्पष्ट वेगळं होतं. मला तर पुढच्या सगळ्या निर्णयांना तिथून धीर आला.

हाय-पॉट चाचणीसाठी (मुद्दाम जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासण्यासाठी) आणि ४०० व्होल्टवर चालवण्यासाठी वेगळा अर्ज, दुसरी व्यक्ती सोबत असण्याची अट, आणि कपॅसिटर डिस्चार्ज होण्याची सोय ड्रॉइंगवर दाखवण्याची अट. प्रायमरी-सेकंडरीमध्ये ३००० व्होल्ट एसी, एक मिनिट. चाचणीआधी सगळ्या जॉइंटवर भिंग फिरवून सोल्डरची टोकेरी शेपटं गुळगुळीत केली होती. टोकापाशी विद्युतक्षेत्र एकवटतं आणि ठिणगी तिथूनच सुरू होते. ते मिनिट फार लांब वाटलं. ठिणगी पडली नाही.

जूनमध्ये पूर्ण भारावर चालवलं, आधी ५ अँपिअर, मग पायरीपायरीने २५. थर्मल कॅमेऱ्याने पाहताना उघडं तांबं नेहमी खोटं थंड दिसतं, कारण चकाकतं तांबं उष्णता फार कमी उत्सर्जित करतं. प्रत्येक जॉइंटवर पॉलिइमाइड टेपचा लहान तुकडा चिकटवला आणि तिथलंच तापमान वाचलं. मधल्या बोर्डाची जीभ वरच्या-खालच्यांपेक्षा जास्त तापली, निम्मा प्रवाह तिच्यातून जातो हे ध्यानात घेता ते अपेक्षितच होतं. कुठलाही जॉइंट शेजारच्या तांब्यापेक्षा वेगळा उठून दिसला नाही. जॉइंट चांगला आहे का, हे पाहायची माझी कसोटी हीच: नुसतं तापमान नको, जॉइंट आणि त्याच्या दोन्ही बाजूंचं तांबं यांतला फरक पाहा. काही आठवडे चालू-बंद करून पुन्हा तेच वाचन घेतलं, फरक वाढलेला नव्हता.

पुढच्या आवृत्तीत सिंक्रोनस रेक्टिफायरचे (डायोडऐवजी स्विच वापरून एसीचं डीसी करणाऱ्या भागाचे) मॉसफेट आणि आउटपुट कपॅसिटर सरळ सेकंडरी बोर्डांवरच, वाइंडिंगच्या तोंडाशी बसवते आहे. तसं केलं की उच्च वारंवारतेचा प्रवाह बोर्डाबाहेर पडतच नाही, बाहेर येतो तो गाळलेला डीसी, आणि त्याला साधी जाड पट्टी किंवा स्क्रूचं टर्मिनल चालतं. उभी पट्टी, तिच्या जिभा, दोन तापमानांची सोल्डरं, यांतलं बरंचसं मग लागणार नाही. मात्र मॉसफेटची उष्णता आता वाइंडिंगच्या बोर्डात उतरेल, त्यासाठी तांब्याचं क्षेत्रफळ वाढवावं लागलं आणि प्रायमरीपासूनचे ८ मि.मी. पुन्हा मोजून घ्यावे लागले. त्या फाइल्स गेल्या आठवड्यात पाठवल्या. 'तयार तांबं' हा शब्द ड्रॉइंगवर पहिल्याच ओळीत होता, तरी प्रश्नावली आलीच, यावेळी मॉसफेटखालच्या व्हाया भरून घ्यायच्या का असा एकच प्रश्न होता. भरून घ्या असं लेखी कळवलं आहे.